आधी छपाई, मग कापड : सुपरहिरोच्या पोशाखाचा आढावा

शाळेचं स्नेहसंमेलन असो, कॉमिक कॉनला जाणारी कॉलेजची पोरं असोत की एखादी हौशी नाटकमंडळी असो, सुपरहिरोचा पोशाख करून घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण एकाच क्रमाने जातात. आधी बाजारात जाऊन डोळ्यांत भरेल असं चकचकीत कापड घ्यायचं, मग ते शिंप्याकडे टाकायचं आणि सगळं शिवून झाल्यावर छातीवरचं चिन्ह, अंगावरचं जाळं किंवा दंडावरचे पट्टे कुठे छापून मिळतात याची शोधाशोध करायची. अपेक्षाभंगाची सुरुवात तिथेच होते. छापणारा म्हणतो, या कापडावर आमची शाई बसत नाही. दुसरा छापून देतो, पण पोशाख अंगावर चढवताच चित्राला भेगा पडतात. तिसऱ्याकडे छापलेलं पांढरं चिन्ह लाल कापडावर चार दिवसांत गुलाबी होतं.

या सगळ्यामागे एकच कारण आहे. कापडावरचा रंग ही धागा आणि रंगद्रव्य यांच्यातली रासायनिक सोयरीक असते आणि प्रत्येक धागा प्रत्येक रंगाला जवळ करत नाही. म्हणून पोशाखावर काय छापायचं आणि कोणत्या पद्धतीने छापायचं हे आधी ठरवावं, कापड त्यानंतर घ्यावं आणि शिंप्याकडे शेवटी जावं. हा क्रम का पाळायचा हे सांगण्यासाठीच हा आढावा आहे. उदाहरणादाखल मुख्यतः स्पायडरमॅन घेतला आहे, कारण घट्ट कापड, दोन भडक रंग, अंगभर जाळं आणि उठावाची नक्षी हे सगळे प्रश्न त्याच्या एकाच पोशाखात एकत्र येतात.

कागदावरून अंगावर

जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. घट्ट विजार, वरून चड्डी, कमरेला पट्टा आणि पाठीवर केप हा थाट सर्कशीतल्या ताकदीचे खेळ करणाऱ्यांच्या वेशावरून आलेला. कागदावर तो सोपा होता. चित्रकार शरीर रेखाटायचा आणि रंगारी त्यात रंग भरायचा. कापडाला चुणी पडण्याचा प्रश्नच नव्हता. खऱ्या माणसाच्या अंगावर मात्र लोकरीची किंवा सुती विणीची वस्त्रं गुडघ्याला आणि कोपराला सैल पडत आणि तशीच राहत.

१९५२ साली अमेरिकेत जॉर्ज रीव्हजची सुपरमॅन मालिका सुरू झाली, तेव्हा चित्रण कृष्णधवल होतं. लाल आणि निळा हे दोन्ही रंग त्या फिल्मवर जवळजवळ सारख्याच करड्या छटेचे दिसत, म्हणून सुरुवातीच्या भागांसाठी पोशाख चक्क तपकिरी, करडा आणि पांढरा केला होता. पोशाख ज्या नजरेला दिसणार आहे, तिच्या हिशेबाने रंग निवडावा लागतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे. आज ती नजर मोबाईलच्या कॅमेऱ्याची आणि रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांची आहे, एवढाच फरक.

खरं वळण आलं १९५८ मध्ये. ड्यू पॉन्ट कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी रबरापेक्षा हलका, मूळ लांबीच्या पाचपटीहून अधिक ताणला जाऊनही परत जागेवर येणारा कृत्रिम धागा तयार केला. तोच आपल्या बाजारातला लायक्रा. पुढे ऑगस्ट १९६२ मध्ये ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन चितारला. डोक्यापासून पायापर्यंत त्वचेसारखा चिकटलेला आणि जाळ्याने भरलेला तो पोशाख लायक्राशिवाय प्रत्यक्षात आणणं अवघडच होतं.

सिनेमाने मधल्या काळात दुसरी वाटही चोखाळून पाहिली. टिम बर्टनच्या १९८९ च्या ‘बॅटमॅन’साठी बॉब रिंगवुड यांनी साच्यातून काढलेला रबरी पोशाख केला. तो दिसायला जबरदस्त होता, पण मायकेल कीटनला त्यात मान वळवता येत नसे. मुखवटा अंगापासून वेगळा करून हा प्रश्न सोडवला गेला तो २००८ च्या ‘द डार्क नाइट’मध्ये. उलट २००२ च्या ‘स्पायडरमॅन’साठी जेम्स ॲचेसन यांनी ताणल्या जाणाऱ्या कापडाचाच आधार घेतला आणि त्यावर उठावाचं जाळं बसवलं. २०१८ च्या ‘ब्लॅक पँथर’मध्ये रूथ कार्टर यांनी काळ्या पोशाखाच्या पृष्ठभागावर त्रिकोणांची बारीक नक्षी खेळवली आणि त्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं. रबर आणि फोमचं काम स्टुडिओला परवडतं. घरगुती किंवा हौशी कामाला नक्षी छापलेल्या लवचीक कापडाचीच वाट सोयीची आहे.

कापड पारखताना

दुकानात लायक्रा मागितलं की चार वेगवेगळी कापडं पुढ्यात येतात. लायक्रा हा त्यातला फक्त ताणणारा भाग असतो, साधारण पाच ते वीस टक्के. उरलेला मोठा भाग नायलॉनचा आहे, पॉलिएस्टरचा की सुती, यावर छपाईचं सगळं गणित ठरतं. तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो मिश्रणाचा. दुकानदाराला खात्री नसेल तर कडेचे दोन-चार धागे चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळून पाहावेत. सुती धागा जळून राख होतो आणि कागद जळल्याचा वास येतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून गोळा होतात. या दोघांतला फरक मात्र अशा चाचणीत नवख्याला कळत नाही, म्हणून तिथे ताक्यावरची चिठ्ठी बघावी किंवा दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावं.

दुसरी पारख ताणाची. पट्टी घेऊन कापडावर दहा सेंटिमीटरच्या दोन खुणा कराव्यात आणि दोन्ही हातांनी ओढावं. खुणा पंधरा सेंटिमीटरपर्यंत गेल्या तर ताण पन्नास टक्के. अंगभर घट्ट पोशाखाला आडवा ताण निदान एवढा हवा आणि उभा ताणही त्याच्या जवळपास हवा. बाजारात याला फोर-वे म्हणतात. टू-वे कापड एकाच दिशेला ताणतं. त्याची विजार खाली बसताना कमरेवरून ओढली जाते आणि हात वर केला की काख आवळते. आता कापड सोडून द्यावं आणि खुणांमधलं अंतर परत मोजावं. ते दहावर आलं तर कापड चांगलं. साडेदहावर राहिलं तर गुडघ्याला पिशव्या पडणार हे नक्की, मग रंग कितीही आवडलेला असो.

तिसरी पारख वजनाची. कापडाचं वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे जीएसएममध्ये, सांगतात. १८० च्या खालचं पांढरं कापड ताणल्यावर अंग दाखवतं. २०० ते २५० जीएसएमचं कापड अंगभर पोशाखाला योग्य. स्कूबा नावाने मिळणारं जाड दुहेरी विणीचं कापड त्याहूनही वजनदार असतं. ते शरीराच्या उंचसखलपणावरून गुळगुळीत उतरतं, फोटोत फार छान दिसतं, पण आपल्या हवेत तासाभरात माणूस घामाने भिजतो. स्कूबा वापरायचं तर छाती आणि खांदे यांपुरतं वापरावं, काखा आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पातळ कापड द्यावं.

चौथी पारख चकाकीची. झगमगणारं लायक्रा नृत्याच्या कार्यक्रमात शोभतं. सुपरहिरोच्या अंगावर मात्र त्याच्यावर पडलेला प्रत्येक प्रकाश उलटून कॅमेऱ्यात येतो, प्रत्येक चुणी दिसते आणि छापलेल्या रेषा हरवतात. मॅट पोताचं कापड घ्यावं. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न ठरवता कापड दारापर्यंत नेऊन उन्हात बघावं.

केपचा न्याय वेगळा. तिला ताण नको, पडण्यात डौल हवा. साटिन हलकं आणि चमकदार असतं, पण वाऱ्यावर फडफडतं. जाडसर क्रेप खांद्यावरून जड आणि शांत पडतो. केप गोलाईत, उरेब धरून बेतली तर घोळ चांगला पडतो, फक्त कापड जास्त लागतं.

छपाईच्या पद्धती

सब्लिमेशन : अंगभर नक्षीसाठी आज हीच पद्धत सर्वांत भरवशाची. डिस्पर्स प्रकारच्या रंगाची शाई वापरून चित्र आधी खास कागदावर उलटं छापतात. तो कागद पांढऱ्या पॉलिएस्टर कापडावर ठेवून साधारण १९० ते २०५ अंश सेल्सियसला मिनिटभराच्या आसपास दाबतात. या तापमानाला रंग द्रवरूप न होता थेट वायू होतो. पॉलिएस्टरच्या रेणूंच्या साखळ्याही उष्णतेने सैल झालेल्या असतात, त्यामुळे वायू धाग्याच्या आत शिरतो आणि कापड थंड होताच तिथेच अडकतो. कागदावर फिका, मळकट दिसणारा लाल रंग दाबाखालून निघताना कापडावर एकदम पेटून उठलेला दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याने म्हणूनच कागदावरचा रंग बघून घाबरून जाऊ नये.

सब्लिमेशनचा रंग हाताला लागत नाही, कापडाचा मऊपणा जात नाही, घाम बाहेर पडायची वाट बंद होत नाही आणि ताणलं तरी भेग पडायला वर थरच नसतो. हातावरची मेंदी आणि कपाळावरची टिकली यांत जो फरक, तोच सब्लिमेशन आणि वरून चिकटवलेल्या छपाईत.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. ही शाई पारदर्शक असते आणि तिच्यात पांढरा रंग नसतो, म्हणून मूळ कापड पांढरंच हवं. काळ्या किंवा लाल कापडावर ती चालत नाही. सुती धाग्यावर ती टिकत नाही, दोन धुण्यांत निघून जाते. नायलॉनवर रंग चढल्यासारखा दिसतो, पण धुण्यात टिकत नाही. शिवाय नायलॉन-६ हा धागा साधारण २२० अंशांना वितळतो, तर पॉलिएस्टर २५० च्या पुढे, म्हणजे नायलॉनवर हा दाब देणं तसंही धोक्याच्या काठावरचं काम. लायक्रालाही जास्त वेळ उष्णता सोसत नाही. दाब लांबला तर कापड पिवळट पडतं आणि त्याचा ताण मरतो. सोनेरी आणि चंदेरी चमकही या शाईत मिळत नाही. शक्तिमानचा पोशाख करायचा झाला तर तांबूस रंग सब्लिमेशनने येईल, छातीवरच्या सोनेरी चिन्हाला फॉइल किंवा धातुरंगी व्हिनाइलच लावावं लागेल.

सब्लिमेशनचा सर्वांत मोठा दोष ताणल्यावर दिसतो. रंग मुख्यतः कापडाच्या वरच्या बाजूच्या धाग्यांत उतरतो. आतला लायक्राचा धागा आणि विणीचा तळ पांढराच राहतो. गुडघा वाकवला की वीण उघडते आणि गडद निळ्यातून पांढरट झाक डोकावते. काळ्या रंगात हे सर्वांत जास्त जाणवतं. उपाय तीन आहेत : दाट विणीचं, थोडं जास्त जीएसएमचं कापड घ्यावं, पोशाख गरजेपेक्षा घट्ट बेतू नये, आणि ज्या भागावर नक्षी नाही, सपाट काळा किंवा निळा रंग आहे, तो भाग छापण्याऐवजी त्याच रंगात रंगवलेल्या कापडाचा जोडावा.

नायलॉन आणि सुती कापडावरची डिजिटल छपाई : नायलॉनसाठी ॲसिड रंगांची शाई असते. छापून, वाफेवर रंग पक्का करून, मग धुऊन घेतात. पोहण्याच्या कपड्यांत हे तंत्र चालतं, रंग फार तेजस्वी येतात, पण एका पोशाखापुरतं काम घेणारा सापडणं कठीण. सुती लायक्रासाठी रिॲक्टिव्ह रंग असतात. त्यांनाही वाफ आणि धुलाई लागते. सुती कापड अंगाला सुखाचं असतं, मात्र ओलं झालं की जड होतं आणि खाली ओघळतं. लहान मुलांच्या सैलसर पोशाखाला ते उत्तम, अंगाला चिकटलेल्या पोशाखाला नाही.

स्क्रीन प्रिंटिंग : गल्लोगल्ली होणारी ही छपाई छातीवरच्या चिन्हासाठी आजही उपयोगी आहे. गडद कापडावर पांढरा, पिवळा असे भरीव रंग तिच्यात मिळतात. प्लास्टिसोल शाई सुमारे १६० अंशांना भाजावी लागते आणि तिथेच एक फसवणूक दडलेली असते. लाल पॉलिएस्टरमधला डिस्पर्स रंग त्या उष्णतेने पुन्हा सुटतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत चढतो. सुरुवातीला सांगितलेलं गुलाबी चिन्ह असंच तयार होतं. हे टाळायला कमी तापमानाला भाजणारी शाई किंवा खाली रंग अडवणारा करडा थर मागावा. साधी शाई ताणल्यावर फुटते. लायक्रावर ताण सोसणारी सिलिकॉनची शाई सर्वांत चांगली, पण ती सगळ्यांकडे नसते.

डीटीएफ आणि व्हिनाइल : डीटीएफमध्ये चित्र प्लास्टिकच्या फिल्मवर छापून, त्यावर चिकट भुकटी टाकून, कापडावर थोडा वेळ गरम दाबाने उतरवतात. कापड कोणतंही आणि रंग कोणताही चालतो, एकच नग मिळतो, काम तासाभरात होतं. म्हणूनच अंगभर जाळं याच पद्धतीने करायचा मोह होतो. तो टाळावा. वरचा थर हवा अडवतो, कापडाइतका ताणत नाही आणि सांध्यांवर तुटतो. छाती, पाठ, दंड अशा कमी ताणाच्या जागी तळहाताएवढं चिन्ह लावायला मात्र डीटीएफ आणि आकारात कापून गरम दाबाने चिकटवायचं व्हिनाइल, दोन्ही पद्धती उत्तम. व्हिनाइल घ्यायचं तर स्ट्रेच जातीचंच घ्यावं.

उठावाचं जाळं : स्पायडरमॅनच्या जाळ्याला उठाव हवा असेल तर आधी सब्लिमेशनने रेषा छापून घ्याव्यात आणि त्यावर पफ शाई द्यावी किंवा बारीक तोंडाच्या बाटलीतून उठावाचा रंग हाताने ओढावा. पफ शाई उष्णतेने फुगते आणि त्यावर पुन्हा दाब पडला तर बसते. म्हणून क्रम ठरलेला आहे : सब्लिमेशन, मग पफ, मग शिवण. हाताने ओढलेला रंग पूर्ण वाळेपर्यंत तुकडे सपाट ठेवावेत, घडी घालू नये. गुडघा, कोपर आणि काख या ठिकाणी उठाव देऊच नये. तिथे सपाट छापलेली रेषा जास्त टिकते आणि लांबून फरक कळत नाही.

नक्षी आणि बेतणं

तयार नक्षीचं छापील कापड घेऊन त्यातून पोशाख बेतला, तर जाळ्याच्या रेषा शिवणीवर कधीच जुळत नाहीत. चांगल्या पोशाखाची खूण हीच असते की छातीवरून निघालेली रेषा बगलेतून पाठीवर न तुटता जाते. त्यासाठी आधी अंगाच्या मापाने कागदी नमुने तयार करून, प्रत्येक तुकड्याच्या आकारात चित्र बसवून, तेच तुकडे पूर्ण मापात छापून घ्यावे लागतात आणि नंतर कापावे लागतात.

इथे तीन हिशेब चुकवता येत नाहीत. पहिला हिशेब मापाचा. लायक्राचा पोशाख अंगाच्या घेरापेक्षा थोडा कमी, साधारण दहा टक्क्यांनी लहान बेततात, म्हणजे तो अंगावर ताणून बसतो. कापड आडवं ताणलं की त्यावरचं गोल चिन्ह अंडाकृती होतं. म्हणून चित्र तेवढंच आडवं दाबून छापावं. दुसरा हिशेब आकसण्याचा. दाबाच्या उष्णतेने कापड थोडं आकसतं. छापण्याआधी कोरं कापडच एकदा गरम दाबाखालून काढून घ्यावं किंवा नमुना छापून, मोजून, तेवढी वाढ फाईलमध्ये द्यावी. तिसरा हिशेब शिवणीचा. चित्र कापायच्या रेषेवर न थांबवता चारही बाजूंनी पुढे वाढवावं, नाहीतर कात्री जराशी हलली तरी शिवणीत पांढरी कड दिसते.

कापडावर १५० डीपीआयचं चित्र पूर्ण मापात पुरेसं स्पष्ट येतं. रंगांच्या बाबतीत मात्र पडद्यावर विश्वास ठेवू नये. मोबाईलवरचा लाल कापडावर नारिंगीकडे झुकू शकतो, गडद निळा जांभळा होऊ शकतो. म्हणून त्याच कापडावर, त्याच यंत्रावर, लाल आणि निळ्याच्या आठ-दहा छटांची पट्टी छापून घ्यावी आणि त्यातून उन्हात बघून निवड करावी. या पट्टीला लागणारे पैसे हा संपूर्ण खर्चातला सर्वांत सत्कारणी लागलेला पैसा असतो.

काम कुठे करून घ्यायचं

सब्लिमेशनसाठी लांब जायची गरज आता उरलेली नाही. क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धांसाठी, मॅरेथॉनसाठी नावं-नंबर घातलेल्या जर्सी छापणारे लोक महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या गावी आहेत आणि ते हेच तंत्र वापरतात. त्यांना दोन गोष्टी नेमक्या विचारायच्या : दाब देण्याचं यंत्र सपाट आहे की रोलरचं, आणि किती मोठा तुकडा एका दमात दाबता येतो. टी-शर्टपुरता छोटा दाब असेल तर मोठ्या माणसाच्या पायाचा मीटरभर लांब तुकडा दोनदा दाबावा लागतो आणि मध्ये जोडाची रेघ उमटते. रोलरच्या यंत्रावर कापडाचा सबंध पन्हा सलग निघतो. जवळ अशी सोय नसेल तर पॉलिएस्टर कापडाचं मोठं केंद्र असलेल्या सुरतेत डिजिटल छपाईचे अनेक कारखाने आहेत. मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये किंवा पुण्यात रविवार पेठेत कापड शोधताना छपाईवाल्याने दिलेला नमुन्याचा तुकडा खिशात असावा आणि त्याच्याशी ताडून कापड घ्यावं. छपाईवाल्याकडे त्याच्या खात्रीचं पांढरं पॉली-लायक्रा असेल तर तेच घेणं सर्वांत शहाणपणाचं, कारण त्याच्या यंत्राचं तापमान आणि वेळ त्या कापडासाठी बसलेली असते.

शिवण आणि सुरक्षितता

छापलेले महागडे तुकडे थेट शिवायला घेऊ नयेत. तेवढ्याच ताणाच्या स्वस्त कापडाचा एक पोशाख आधी शिवून, अंगावर घालून, बसून, वाकून, हात वर करून बघावा. सुधारणा त्या नमुन्यात कराव्यात आणि मगच छपाईची फाईल पक्की करावी. विणीच्या कापडाला गोल टोकाची स्ट्रेच सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा लागतो. साधी सुई फासे तोडते आणि सुती दोरा ताणावर तुटतो. सरळ टाक्याची शिवण पहिल्याच उडीत उसवते. ओव्हरलॉक किंवा झिगझॅग टाका हवा. हे काम शर्ट-पँट शिवणाऱ्या शिंप्यापेक्षा नृत्याचे पोशाख किंवा खेळाचे कपडे शिवणाऱ्याकडे द्यावं. पाठीची चेन मानेपासून कमरेखालपर्यंत घ्यावी. ती आखूड ठेवली तर पोशाख चढवतानाच शिवण फाटते.

मुलांच्या बाबतीत तीन गोष्टी कधीही नजरेआड करू नयेत. पॉलिएस्टर आणि नायलॉन आगीच्या संपर्कात वितळून कातडीला चिकटतात, म्हणून पणत्या, फुलबाज्या आणि रंगमंचावरचे तापलेले दिवे यांच्यापासून असा पोशाख लांबच हवा. केप गळ्याला गाठ मारून बांधू नये, खांद्यावर वेल्क्रोने लावावी, म्हणजे कुठे अडकली तर लगेच सुटेल. मुखवट्यातून दोन्ही बाजूंना दिसतं आहे आणि श्वास मोकळा घेता येतो आहे हे घरीच तपासून घ्यावं. धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण वापरावा, ब्लीच अजिबात नाही, कारण क्लोरीन लायक्राचा ताण मारतो. वाळवणं सावलीत, इस्त्री शक्यतो नकोच.

हक्काचा प्रश्न

स्पायडरमॅनचा पोशाख असो की सुपरमॅनचं चिन्ह, त्यांचे हक्क मोठ्या कंपन्यांकडे आहेत. आपल्या मुलाला घालायला एक पोशाख करणं वेगळं आणि तेच चिन्ह छापून पोशाख विकायला ठेवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात परवानगीशिवाय पडूच नये. एखाद्या कलाकाराने तयार केलेली जाळ्याची फाईल विकत घेतली असेल, तर ती एका पोशाखापुरती आहे की अधिक, हे त्याच्या अटींत बघावं. आपल्याकडेही पडद्यासाठी स्वतंत्र नायक घडवण्याचे प्रयत्न झाले आहेत, मराठीत २०१५ चा ‘बाजी’ हा त्यातलाच. हौशी मंडळींनीही आपला नायक, आपलं चिन्ह, आपली नक्षी रेखाटून बघावी. सब्लिमेशनला एकच नग छापायलाही वेगळा साचा करावा लागत नाही, त्यामुळे इतकी मोकळीक पूर्वी कधीच नव्हती.

निष्कर्ष

पाच-सहा वर्षांच्या मुलाला एका कार्यक्रमापुरता पोशाख हवा असेल तर रंगीत सुती लायक्रा आणि छातीवर डीटीएफ किंवा स्क्रीनचं चिन्ह पुरेसं आहे. अंगभर छपाईचा खर्च करू नये, मूल वर्षभरात वाढतं. सपाट रंगाचा पोशाख आणि एकच चिन्ह, म्हणजे सुपरमॅन किंवा शक्तिमान, करायचा तर रंगवलेलं मॅट नायलॉन-लायक्रा घ्यावं आणि चिन्हाला स्ट्रेच व्हिनाइल. अंगभर नक्षीचा स्पायडरमॅन करायचा तर पर्याय एकच : २०० ते २५० जीएसएमचं पांढरं, फोर-वे, मॅट पॉली-लायक्रा, कापण्याआधी तुकड्यांच्या आकारात केलेलं सब्लिमेशन आणि उठाव फक्त छातीवर, खांद्यांवर व मुखवट्यावर.

आणि कोणताही पर्याय निवडला तरी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी छपाईवाल्याकडून वीतभर नमुना त्याच कापडावर छापून घ्या. तो दोन्ही हातांनी ताणा, घरी नेऊन दोनदा धुवा, वाळल्यावर पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. नमुना टिकला तरच पूर्ण पोशाखाचं काम सांगा.